डोकं, मन आणि हात एकाच कामात: चौथी-पाचवीच्या बाईंचे अनुभवाचे बोल

डी.एड.ला पाठाचं टाचण काढताना उद्दिष्टांचे तीन रकाने आखायचो: ज्ञानात्मक, भावात्मक, क्रियात्मक. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या रकान्याची मांडणी १९५६ साली केली, भावनांवरचा ग्रंथ १९६४ला आला, आणि हाताच्या कौशल्यांवरचा ग्रंथ त्या गटाकडून आलाच नाही. ते काम पुढे दुसऱ्यांनी केलं. आमच्या वेळापत्रकातही हाताचा नंबर शेवटचाच. डोक्याला दिवसभराचे तास, मनाला परिपाठातला सुविचार, आणि हाताला शनिवारचा कार्यानुभव, तोही केंद्राच्या मीटिंगने खाल्ला नाही तर.

मी करवीर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी-पाचवीला शिकवते. नवीन लागलेल्या शिक्षक-शिक्षिका विचारतात, "सर्वांगीण विकास म्हणजे नेमकं करायचं काय?" माझं उत्तर असं: रकाने वहीत राहू देत, अधिकाऱ्यांना दाखवायला लागतात. वर्गात मात्र सहामाहीला गावातलं एक खरं काम निवडा आणि तिन्ही गोष्टी त्यातच येऊ देत. विचारशक्तीचा वेगळा तास, संस्कारांचा वेगळा तास, असं ठेवलं की मुलं तासापुरती शहाणी होतात.

यात माझं नवीन काही नाही. गांधीजींनी १९३७ला वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यावर ठेवायला सांगितला होता. आपल्या कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ला सृजन आनंद विद्यालय सुरू करून मराठी शाळेत अनुभवातून शिकवता येतं हे दाखवून दिलं. कल्पना आहेतच. अडचण येते ती सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं याची, म्हणून तेवढंच सांगते.

काम कसं निवडायचं

माझ्या चार अटी आहेत. त्या कामावर कुणाचं तरी पोट चालत असावं. मुलांच्या हाताला त्यात धोका नसलेलं काहीतरी करता यावं. त्यातून आपोआप आकडे निघावेत, ओढूनताणून नव्हे. आणि चौथी, जी बहुतेक जण विसरतात: त्या कामात दोन माणसांचं हित एकमेकांशी भांडत असावं. भांडण नसेल तर मुलांनी विचार कशावर करायचा?

कोल्हापूर जिल्ह्यात असं काम शोधायला लांब जावं लागत नाही. हुपरीच्या बाजूला असाल तर चांदी आहे, इचलकरंजीला यंत्रमाग आहेत, कागलकडे कापशीला चपला. यातलं काहीच जवळ नसेल तर गावातली दूध डेअरी घ्या. सकाळी किटली घेऊन रांगेत उभं राहणारी निम्मी मुलं तुमच्याच वर्गातली असतात. फॅट किती लागली, काल आणि आजच्या पावतीत फरक का पडला, गाईच्या आणि म्हशीच्या दुधाचा दर वेगळा का, आणि मापात दूध थोडं कमी भरलं तर बोलायचं कुणी. चारही अटी पूर्ण.

मी गुऱ्हाळ घेते. दिवाळी झाली की चुलवाणं, म्हणजे गुळाच्या मोठ्या चुली, पेटतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतात, म्हणजे दुसरं सत्र जवळजवळ पूर्ण हाताशी येतं.

आधी आपण एकटं जाऊन यायचं

वर्ग नेण्याआधी एकदा स्वतः जा, मालकाशी आणि गुळव्याशी, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराशी, बोला. कोणत्या वेळी काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, उतरवतात ते विचारा, कारण मुलांना तेच दाखवायचंय. उसाचा चरक फिरत असतो, काहिलीत रस उकळत असतो, चुलवाणाच्या तोंडाशी चिपाडाचा (रस काढून उरलेल्या उसाचा) जाळ असतो. म्हणून जमिनीवर फक्कीने रेघ मारून ठेवायची, रेघेपलीकडे कुणी जायचं नाही. पालकांची लेखी परवानगी, मुख्याध्यापकांची सही, आणि सोबत निदान दोन पालक. यात तडजोड नको.

आणखी एक चौकशी तिथेच करा. आपल्या वर्गातल्या कुणाचे वडील तिथे कामाला आहेत का? असतील तर आधी त्या वडिलांना विचारा, मग मुलाला. एका पोराचा बाप चुलवाणाशी बसायचा. पोरगं म्हणालं, "मी सांगतो की बाई सगळं." त्या दिवशी सगळी माहिती त्यानेच दिली, आणि वर्गातलं त्याचं वजन कायमचं वाढलं. दुसरं एक मूल मात्र विचारल्यावर गप्प बसलं. त्याचं नाव मी पुन्हा काढलं नाही. उसतोडीला आलेल्या कुटुंबातली मुलं हंगामापुरती आपल्या वर्गात येतात, त्यांच्या बाबतीतही हेच. मूल आपणहून बोललं तर उत्तम. त्याला उभं करून "सांग बरं, तुमच्या खोपीत कसं राहता" असं विचारणं हा त्याचा अपमान आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

जाण्याआधीचा तास: अंदाज

फळ्यावर एकच प्रश्न लिहा. एक टन उसापासून किती किलो गूळ निघेल? प्रत्येकाने आपला आकडा वहीत लिहायचा आणि त्याखाली "मला असं का वाटतं" हे एक वाक्य. पाचशे किलोपासून पन्नास किलोपर्यंत सगळं येतं. तुम्ही उत्तर सांगू नका. खरं उत्तर शंभर ते सव्वाशे किलोच्या आसपास असतं, पण ते मुलांनी गुळव्याच्या तोंडून ऐकायचंय. ज्याने अंदाज लिहिलाय त्याला उत्तराची भूक लागते. नुसती माहिती ऐकायला नेलेल्या वर्गाला फक्त काकवीची, म्हणजे पातळ गोड पाकाची, लागते.

प्रश्न विचारल्यावर थांबायचं, हे आपल्याला सगळ्यात अवघड जातं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांमधली संभाषणं मोजली. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात असं त्यांना दिसलं. ते थांबणं तीन सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांबतात, कारणं द्यायला लागतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. वर्गासमोर उभं राहून थांबून बघा, घाम फुटतो. मी मनात "रंकाळा, पन्हाळा, जोतिबा" म्हणते. तीन शब्द संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

गुऱ्हाळावर

वर्गाचे गट पाडा आणि प्रत्येक गटाला एकच काम द्या. एक गट फक्त वेळ लिहितो: रस काहिलीत कधी पडला, मळी कधी काढली, काहील कधी उतरवली. एक गट रंग आणि वास टिपतो. एक गट माणसं बघतो: कोण काय करतं, कोण कुणाला हाक मारतं, कोण बसून आहे, कोणाला बसायलाच मिळत नाही. हा तिसरा गट सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्यात तुमची सगळ्यात दंगेखोर पोरं घाला. त्यांची नजर माणसांवरच असते.

बघायचा क्षण म्हणजे पाक झाला की नाही हे गुळव्या कसं ठरवतो तो. थोडा पाक गार पाण्यात टाकायचा, बोटांनी त्याची गोळी वळायची. गोळी जमली की काहील उतरवायची आणि पाक वाफ्यात ओतायचा. त्याच्याकडे ना थर्मामीटर, ना घड्याळ. मुलांना विचारा, "त्याला कसं कळलं?" हा प्रश्न गुळव्यालाही विचारायला सांगा. तो बहुधा हसून "सवयीनं" म्हणेल. तिथे सोडू नका. "पहिल्यांदा शिकताना किती काहिली बिघडल्या?" असं मुलांनी विचारलं की तो खुलतो आणि मग जे सांगतो त्याची बरोबरी कुठलंही पाठ्यपुस्तक करणार नाही. हाताला डोकं असतं हे मुलांना तिथे दिसतं. वर्गात मी कितीही सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

भेंडीचं पाणी रसात का घालतात, हेही विचारू द्या. त्या चिकट पाण्याने रसातली घाण मळी होऊन वर येते आणि ती झाऱ्याने काढता येते. चिपाड वाळवून त्याच रसाखाली जाळतात, हे मात्र मुलं आपणहून शोधतात. "बाई, उसाच्याच जाळावर उसाचा रस!" असं कुणीतरी ओरडतंच.

परत आल्यावर शाळेत गूळ

इथे बहुतेक शाळा थांबतात. सहल झाली, निबंध झाला, "मी पाहिलेले गुऱ्हाळ" दहा ओळी. हाताला काय मिळालं? काही नाही.

पाच लिटर ताजा रस आणा. गाळा, मोठ्या पातेल्यात चुलीवर चढवा. जाळाजवळ फक्त मोठी माणसं: पोषण आहार शिजवणाऱ्या ताई तयार होतात, एखादी आजी मिळाली तर सोनं. मुलांचं काम रस मोजणं, भेंडी कुस्करणं, दर दहा मिनिटांनी तापमान लिहिणं, शेवटी वजन करणं. तापमान मोठ्या माणसाने बघायचं आणि ओरडून सांगायचं. ताप बघायचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो बेचाळीसलाच संपतो. हायस्कूलच्या प्रयोगशाळेतला साधा थर्मामीटर बहुधा ११० अंशांपर्यंतचा असतो, तोही अपुरा, कारण गुळाचा पाक ११५च्या पुढे जातो. अडीचशे अंशांपर्यंतचा मागून आणा.

शंभरावर आकडा बराच वेळ रेंगाळतो आणि मग हळूहळू वर सरकायला लागतो. पाणी तर शंभरालाच उकळतं असं पुस्तकात आहे, मग हे काय? प्रश्न मुलांचाच असू दे. पाणी उडून जातंय, साखर दाट होतेय, आणि दाट पाकाला उकळायला जास्त तापमान लागतं, इथपर्यंत चौथीची मुलं चर्चेने पोचतात. तुम्ही फक्त "मग पाणी गेलं कुठं?" एवढं विचारायचं.

गूळ किलोच्या आतबाहेर भरतो. कधी तो चिक्कीसारखा कडक होतो, कधी बसतच नाही, काकवीच राहते. बसला नाही तर ओतून देऊ नका, भाकरीबरोबर खा. वहीत मात्र लिहायला लावा, "पुढच्या वेळी मी काय वेगळं करीन." माझ्या लेखी त्या सगळ्या वहीतलं ते सर्वांत मोलाचं पान.

मग हिशेब. पाच लिटरला एवढा, तर काहिलीभर रसाला किती? ऊस, जळण, मजुरी, भाडं घालून किलोला खर्च किती आला? कोल्हापूरच्या मार्केट यार्डातला भाव पेपरात बघा. खर्च आणि भाव शेजारी शेजारी ठेवले की घरी ऊस असलेली पोरं एकदम गंभीर होतात.

पिवळा गूळ की काळा: वाद घडवायचा

आता ती चौथी अट. गिऱ्हाईकाला पिवळाधमक गूळ आवडतो, व्यापारी पिवळ्याला चढा भाव देतो, म्हणून काही ठिकाणी रंगासाठी रसायनं घालतात. ज्याने काहीच घातलं नाही त्याचा गूळ काळपट दिसतो आणि भाव पडतो. चूक कोणाची?

वर्गाचे चार भाग करा: शेतकरी, गुळव्या, व्यापारी, घरी गूळ नेणारी बाई. प्रत्येकाने आपली बाजू मांडायची. मग घंटा वाजवून भूमिका बदला. आत्ता जो व्यापारी होता तो शेतकरी. बदल झाल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मघाशी ते जे म्हणाले त्यातलं मला हे पटलं, की…" पहिल्यांदा मुलं अडखळतात, लटकं बोलतात. दोन-तीन वेळा झालं की खरं बोलायला लागतात. एक मुलगी, घरचा ऊस असलेली, गिऱ्हाईक झाल्यावर म्हणाली, "पण मला माहीतच नव्हतं की आत काय घातलंय, मला कुणी सांगितलंच न्हाई." त्यानंतर वर्ग शांत झाला आणि मीही शांतच राहिले. शिक्षकाने इथे निकाल द्यायचा नाही. मूल्यशिक्षणाच्या तासाला मी जे वर्षभर बोलले असते ते तिने एका वाक्यात बोलून टाकलं, वर माझा घसाही वाचला.

भांडणाची वही

गुऱ्हाळाशी संबंध नाही, पण हे सांगितल्याशिवाय मनाचा भाग पूर्ण होत नाही. मधल्या सुट्टीत मारामारी झाली की दोघांना समोर आणून "हात मिळवा, सॉरी म्हणा" हे मी बंद केलं. दोघांनी आधी पाणी प्यायचं. मग वहीत उजव्या पानावर काय झालं ते आपल्या बाजूने लिहायचं. डाव्या पानावर तीच हकिकत दुसऱ्याच्या बाजूने, "मी" म्हणून. लिहून झालं की पानं अदलाबदल करून वाचायची आणि चुकलेलं दुसऱ्याने दुरुस्त करायचं: "मी पाय आडवा घातला नव्हता, मी दप्तर उचलत होतो." बहुतेक वेळा इथेच मिटतं. न लिहिणारं मूल असेल तर चित्र काढू दे, किंवा तोंडी सांगू दे.

कुस्तीच्या गावातली पोरं, रडायची लाज फार. म्हणून वहीत "मला राग आला" एवढंच येतं, सगळ्यावर एकच शब्द. तेव्हा भिंतीवर आपल्या बोलीतले शब्द लावून ठेवा: चिडलो, खट्टू झालो, घाबरलो, वैतागलो, लाजलो, हिरमुसलो, जळलो. वहीत नेमका शब्द शोधायचा. काही आठवड्यांनी पोरं स्वतःच नवे शब्द आणून चिकटवतात, त्यातले काही शाळेत लावण्यासारखे नसतात.

पावसाळ्यात पंचगंगा

नदीकाठच्या गावांसाठी पहिल्या सत्राचं काम तयारच आहे. राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज पेपरात येते. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. जूनपासून मुलांनी भिंतीवर आलेख काढायचा, शेजारी धरण भागातला पाऊस. वर पाऊस पडल्यावर आपल्याकडे पाणी किती उशिरा चढतं हे त्यांना स्वतःला दिसलं पाहिजे.

२०१९ आणि २०२१चा पूर ज्या गावांनी सोसला, प्रयाग चिखली-आंबेवाडीसारखी, तिथे "पुरात काय काय झालं सांगा" असा प्रश्न कधीही विचारू नका. त्याऐवजी विचारा, "घर सोडायला अर्धा तास आहे, काय उचलाल?" यादी करा, एकमेकांच्या याद्या वाचा, मग प्रत्यक्ष पिशवी भरा. रेशनकार्ड प्लास्टिकमध्ये कसं गुंडाळायचं, आजीच्या गोळ्या कुठे ठेवायच्या. जनावराच्या दाव्याची गाठ एका हिसक्यात सुटेल अशी कशी मारायची ते कुणा आजोबांना बोलावून शिका. ज्याला आतलं बोलायचं असतं तो ही गाठ मारता मारता बोलतो. तेव्हा हातातलं काम थांबवू नका, नुसतं ऐका.

आनंद मेळाव्याबद्दल थोडं वाईट बोलते

व्यवहारज्ञान म्हणून शाळाशाळांत बाजार भरवतात. आई भेळ करून देते, बाबा टेबल लावतात, मूल मागे उभं राहून फोटो काढून घेतं. यात मूल काय शिकलं? भरवायचाच असेल तर नियम करा: भांडवल शंभर रुपयांच्या आत, तेही घरून उसनं, परतफेडीच्या चिठ्ठीसह. माल मुलांनी स्वतः आठवडी बाजारातून आणायचा, भाव स्वतः करायचा. घरच्यांनी फक्त गिऱ्हाईक म्हणून यायचं. उरलेली कोथिंबीर संध्याकाळी काय भावाने काढायची, हा एकच निर्णय पोराने घेतला तरी बाजार वसूल.

स्कॉलरशिपचं काय?

पालक हे विचारणारच. आपल्या जिल्ह्यात गुणवत्ता यादीत नाव येणं म्हणजे गावात फ्लेक्स लागणं. त्यांच्याशी तत्त्वज्ञानावर वाद घालू नका. पालक सभेत मुलांच्या वह्या टेबलावर ठेवा आणि गुळाचा हिशेब दाखवा: शेकडेवारी आहे, एकमान पद्धत आहे, आलेख वाचन आहे, काळ-काम-वेग आहे. सराव संच मी सोडवून घेतेच, जादा तासही घेते. ज्याने काहिलीचा हिशेब केलाय त्याला नफा-तोट्याचं उदाहरण परकं वाटत नाही, हे वह्या बघून पालकांना आपोआप कळतं. एक मामा म्हणाले होते, "बाई, गुऱ्हाळ तर आमचं हायच की, त्यासाठी शाळंत कशाला पाठवायचं?" त्यांना मी पुढच्या हंगामात गुळव्याच्या शेजारी उभं राहून समजावून सांगायला बोलावलं. आले, आणि अंदाजाच्या तासाला त्यांचाही आकडा मुलांनी वहीत लिहून घेतला.

नोंदी

आकारिक मूल्यमापनाच्या वहीत "सहभाग चांगला", "आवड आहे" असल्या नोंदी नकोत. मुलाने काय केलं ते क्रियापदासह लिहा, जागेवरच, खिशातल्या छोट्या वहीत. दिवसाला चार-पाच मुलांच्याच नोंदी धरा, महिन्यात सगळी होतात. माझ्या वहीतली काही अशी, नावं काढून:

"तापमान शंभरावर अडकल्यावर थर्मामीटर बिघडलाय का हे तपासायला दुसरा मागितला."

"व्यापाऱ्याच्या भूमिकेत हरल्यावर चिडला. भूमिका बदलल्यावर स्वतःचाच मुद्दा खोडला, हसला."

"वजनकाटा शून्यावर आणायला विसरली. शेजारणीने सांगितल्यावर सगळी मापं पुन्हा घेतली, कुणी सांगितलं नसताना."

"आज पहिल्यांदा मोठ्याने बोलला. विषय: चिपाड किती दिवस वाळवतात."

अशी एक नोंद तिन्ही रकान्यांत कुठेही बसते. केंद्रप्रमुखांनी कोणत्या रकान्यात टाकायची विचारलं तर त्यांनाच निवडू द्या.